माळ्यावर लपलेला श्याम : त्याच्या उणिवा आपण मुलांना सांगतो का?

ओसरी :

गेले बारा-तेरा दिवस रात्री झोपण्यापूर्वी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ वाचून दाखवते आहे. एका रात्री एक गोष्ट, असा आमचा नेम आहे. पुस्तकच बेचाळीस रात्रींत विभागलेले असल्यामुळे तो आपोआप जमून गेला. परवा आम्ही श्यामच्या पोहण्याच्या गोष्टीपाशी आलो. बाकीची मुले विहिरीवर निघाली आहेत आणि श्याम माळ्यावर लपून बसला आहे. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीकडे पाठवते. ऐकता ऐकता मुलगा अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "आई, श्याम तर भित्रा होता. मग तू मला श्यामसारखा हो असं का म्हणतेस?"

मला चटकन उत्तर देता आले नाही, कारण हा प्रश्न त्याने कुठून काढला हे मला ठाऊक होते. तीन आठवड्यांपासून तो पोहायला शिकायला जातो आणि रोज पाऊण तास तलावाच्या कडेचा दांडा धरून उभा राहतो. त्याच्या मनाला लागेल अशी एकच ओळ त्या गोष्टीत होती, आणि ती त्याने बरोबर उचलली.

नंतर मी एकटीच पुस्तक चाळत बसले. लहानपणी वाचलेला श्याम माझ्या आठवणीत आज्ञाधारक, मातृभक्त आणि गुणी मुलगा म्हणून राहिला होता. प्रत्यक्षात हा मुलगा दुसऱ्यांच्या आधी फुले मिळावीत म्हणून कळ्याच तोडून आणतो, पत्रावळ लावायचा कंटाळा करतो, आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायला लाजतो, पुण्याला मामांकडे शिकायला ठेवलेला असताना पळून जातो आणि एकदा चोरीही करतो. एवढे सगळे लेखकाने स्वच्छ लिहून ठेवलेले असताना आपल्या मनात उरतो तो मात्र घासूनपुसून ठेवलेला श्याम. असे का झाले असावे, आणि मुलांना श्याम सांगताना त्याच्या या बाजूचे आपण काय करतो, हे मला आपणा सर्वांकडून जाणून घ्यायचे आहे.

शाईचा डाग :

माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट चोरीची आहे. घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे श्याम घेतो, आणि ते कशासाठी, तर पुस्तके घ्यायची म्हणून. पुस्तके वाचल्याशिवाय आपण मोठे कसे होणार, ही त्याची तळमळ. मोठे होण्यासाठी चोरी करणारा दुसरा मुलगा माझ्या वाचनात आलेला नाही.

दापोलीची वाट :

माझे बालपण दापोली तालुक्यात, श्यामच्या पालगड या गावापासून फार लांब नसलेल्या एका गावात गेले, म्हणून पोहण्याच्या गोष्टीविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो. कोकणातली विहीर ज्यांनी फक्त उन्हाळ्यात पाहिली आहे त्यांना श्यामची भीती पुरती कळणार नाही. वैशाखात जिचा तळ दिसतो आणि जिच्यात दोर संपेस्तोवर कळशी सोडावी लागते, तीच विहीर श्रावणात काठोकाठ भरते आणि ओणवे झाले तर हाताला पाणी लागते. ते पाणी स्वच्छ असले तरी वरून काळेभोर दिसते. दगडांच्या फटींतून नेचे उगवलेले असतात, पायरीवर शेवाळ असते, आणि एखादा विरोळा डोके वर काढून आपल्याकडे बघत असतो.

आमच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधत असत. त्याची दोरी काखेत काचत असे, आणि गंमत अशी की डबा पाठ वर उचलून धरी आणि तोंड बरोबर पाण्यात घाली. मोठे भाऊ मागून ढकलत. मी आठ वर्षांचा असताना सलग तीन दिवस पोटात दुखते म्हणून अंथरुणात पडून राहिलो. आजी ओवा आणि मीठ आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी ओव्याची डबी परत ठेवताना ती म्हणाली, "तुझं पोट विहिरीच्या वाटेवरच दुखतं रे!" आणि माझ्याशेजारी बसून राहिली. चौथ्या दिवशी मी गेलो.

त्यामुळे श्यामची भीती हा त्याचा दोष आहे असे म्हणायला मी तयार नाही. त्या पाण्याला न भिणारे मूल मला अधिक काळजीचे वाटेल. लपून बसणे हा फार तर दोष म्हणता येईल, आणि तोही कोणी लपायला लावला, हे बघावे लागेल.

पाटीपेन्सिल :

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, आणि मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर काही अंशी माझ्याकडे आहे असे मला वाटते. श्यामच्या गोष्टी वर्गात शिकवल्या की खाली प्रश्न ठरलेला असे : श्यामच्या आईने श्यामला कोणती शिकवण दिली? मुले उत्तर लिहीत : भूतदयेची, स्वावलंबनाची, बंधुप्रेमाची. मीही त्याला पूर्ण गुण देत असे. माळ्यावर बसलेल्या श्यामला त्या वेळी काय वाटत होते, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत एकदाही विचारला नाही. शिकवण तेवढी टिपून घ्यायची आणि ती ज्याला मिळाली त्या मुलाकडे पाहायचेही नाही, ही सवय आम्ही शिक्षकांनीच लावली. श्याम घासूनपुसून निघाला तो असा.

याची मला आज खंत वाटते, कारण वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, घाबरणाऱ्या, खोटे बोलून मग रात्रभर जागणाऱ्या मुलांना हे पुस्तक सर्वांत जवळचे वाटले असते.

उंबरठा :

सर्वांचा आदर राखून मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आपण इथे श्यामच्या उणिवा मोजतो आहोत, पण त्या गोष्टीत उणीव मुलाची होती की त्याला वळ उठेपर्यंत मारण्याची? भीतीने थरथरणाऱ्या मुलाला फटके मारून पाण्यात पाठवणे हे प्रेमाचे उदाहरण म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. माझ्या एका नातेवाइकाने, "श्यामच्या आईने नव्हतं मारलं?" असे म्हणून आपल्या मुलाला पट्ट्याने मारलेले मी स्वतः पाहिले आहे. तो मुलगा आज चाळीस वर्षांचा आहे आणि अजूनही वडिलांच्या खोलीत जाताना दारात क्षणभर थांबतो. ही गोष्ट मुलांना सांगायची असेल तर मारणे चूक होते हेही त्याच दमात सांगायला हवे.

जुनी वही :

@उंबरठा, आपण पाहिलेला प्रसंग वाचून वाईट वाटले, आणि त्या नातेवाइकाने गोष्टीचा अर्धाच भाग उचलला होता हेही खरे. गोष्टीत आई नंतर श्यामला जवळ घेते, मारल्याचे दुःख तिलाही झालेले असते, आणि लोकांनी तुला भित्रा म्हणून हिणवलेले मला सहन होणार नाही, असे ती त्याला समजावते. त्या घरात, त्या काळात, विहिरीच्या गावात राहणाऱ्या मुलाला पोहता न येणे हे जिवावरचे होते, हाही भाग आहे. पट्टा हातात घेणारे पुढची पाने वाचत नाहीत.

उंबरठा :

@जुनी वही, पुढची पाने मी वाचली आहेत, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. मारल्यावर जवळ घेतले म्हणजे मारणे विसरायचे असते, हे मूल त्यातून शिकते. पोहता येणे जिवावरचे होते हे मान्य. पण @दापोलीची वाट यांच्या आजीने ओव्याची डबी परत ठेवून आणि शेजारी बसून तेच साधले.

गणगोत :

वरच्या चर्चेत एक वाक्य आले आहे, त्यावर मला थांबावेसे वाटते. लोक भित्रा म्हणतील, हे आईचे कारण आहे. आता पहिल्या रात्रीची गोष्ट आठवा. वटसावित्रीचे व्रत आहे, आई तापाने अशक्त झाली आहे, तिच्याऐवजी श्यामने वडाला प्रदक्षिणा घालायच्या आहेत, आणि श्यामला लाज वाटते आहे की बायका आणि मुले आपल्याला हसतील. तिथे आई त्याला सांगते की देवाचे काम करायला लाजू नये, लाज वाटायची तर पाप करताना वाटावी. म्हणजे पहिल्या रात्री लोकांच्या हसण्याची पर्वा करू नको, आणि पोहण्याच्या रात्री लोकांच्या हसण्यासाठीच पाण्यात उतर! हे दोन्ही उपदेश एकाच माउलीचे आहेत.

मी आईला दोष देत नाही. मला असे वाटते की श्यामची खरी दुखरी जागा पाण्याची भीती नाहीच, ती लोकलज्जा आहे. पुस्तकभर पाहा : प्रदक्षिणा घालताना लोक हसतील, रस्त्यावर म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दिली तर लोक काय म्हणतील, सगळ्यांसमोर आपली पत्रावळ वेडीवाकडी दिसेल. या मुलाला चार डोळ्यांसमोर उघडे पडण्याचे भय आहे. गरिबीकडे झुकत चाललेल्या आणि एके काळी चांगल्या नावाच्या घरातले मूल असेच असते. कर्ज वाढत जाते, सावकाराची माणसे दारात येतात, जप्तीची दवंडी पिटली जाते; त्या घरात लाज हवेसारखी सगळीकडे भरलेली असते, आणि ती आईच्या श्वासातही गेलेली आहे. म्हणूनच तिच्या तोंडून कधी लाजेविरुद्ध बळ मिळते आणि कधी लाजच बोलते.

काजवा :

@गणगोत, फार नेमके लिहिलेत. एवढीच भर घालतो की आईला स्वतःला ही विसंगती जाणवत असावी, कारण शेवटच्या रात्रींत, घराची अब्रू जाते तेव्हा, ती सर्वांत जास्त खचते ती याच घावाने. कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, हे त्या घराने शब्दशः भोगले. मुलगा लोकांना भितो आणि आईही भिते. फरक इतकाच की मुलाची भीती उणीव म्हणून दिसते आणि आईची मर्यादा म्हणून.

समांतर :

मला मूळ प्रश्नच थोडा हलवून पाहावासा वाटतो. श्यामचे दोष हे खरोखर एका लहान मुलाचे दोष आहेत का? साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले आणि त्याचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते, आणि त्यांची आई १९१७ सालीच गेलेली होती. म्हणजे कोठडीत बसलेला एक मोठा माणूस, पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या आईपुढे एकेक अपराध कबूल करतो आहे. कोणतेही मूल कळ्या तोडते, पोहायला भिते, खोटे बोलते आणि विसरून जाते. आई गेल्यावर मात्र त्याच गोष्टी डोंगराएवढ्या होतात. माझे वडील गेल्यानंतर मला काय आठवले असेल, तर एकदा त्यांनी पाणी मागितले असता मी वाचता वाचता "थांबा जरा" म्हटले होते, ते. त्यांना ते दुसऱ्या दिवशीसुद्धा आठवले नसेल.

म्हणून मला वाटते की श्यामच्या उणिवा आपण मुलाच्या मापाने मोजू नयेत. त्या पोरक्या झालेल्या माणसाच्या मापाने लिहिल्या गेल्या आहेत.

पाटीपेन्सिल :

@समांतर, आपले म्हणणे मला पटते, आणि त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली जी इतकी वर्षे शिकवताना आली नव्हती. पुस्तकात या गोष्टी मोठा झालेला श्याम आश्रमातल्या आपल्या सोबत्यांना रात्री प्रार्थनेनंतर सांगतो. @गणगोत म्हणतात त्याप्रमाणे जो मुलगा चार डोळ्यांना भीत होता, तोच मोठेपणी इतक्या डोळ्यांसमोर बसून सांगतो की मी चोरी केली होती, मी लपलो होतो, मी आईवर रागावलो होतो. त्याला कोणी विचारलेले नाही. त्याला ऐकणारे लोक त्याला मान देणारे आहेत, आणि तरी तो सांगतो. विहिरीत उडी मारण्यापेक्षा हे मला कितीतरी कठीण वाटते.

@ओसरी, आपल्या मुलाला सांगण्यासारखे काही या धाग्यात असेल तर कदाचित हे असेल.

मोगरीचा वेल :

पत्रावळीच्या गोष्टीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरी श्राद्धपक्षाला अजून कधीतरी पत्रावळी लावतात. पाने एकाच दिवशीची घ्यायची, देठ आत वळवायचे, आणि चोय, म्हणजे पाने टाचायची बारीक काडी, अशी टोचायची की ती पानाच्या शिरेला ओलांडून जाईल पण शीर फाडणार नाही. नवख्या हाताचे पान हमखास फाटते आणि भाताचा पहिला घास ठेवला की वरण खालून पाटावर येते. मोठ्या माणसांच्या पंगतीत स्वतःच्या फाटक्या पत्रावळीवर जेवायला बसणे म्हणजे काय, हे मी नऊ वर्षांची असताना अनुभवले आहे. त्या दिवशी मी वरण मागितलेच नाही, कोरडा भात खाल्ला.

श्याम कंटाळा करतो असे वर म्हटले आहे, आणि गोष्टीतही तसे आहे. पण मला वाटते की मुले ज्याला कंटाळा म्हणतात त्यातला निम्मा भाग, आपल्याला जमणार नाही या धास्तीचा असतो. श्याम शेवटी अक्काकडून पत्रावळ शिकतो. वडिलांच्या रागाने जे झाले नाही ते बहिणीच्या शेजारी बसून झाले, हे त्या गोष्टीत आहे आणि आपण ते कधी अधोरेखित करत नाही.

दूरदेशी :

मी ऑस्ट्रेलियात राहतो आणि इथे रविवारच्या मराठी शाळेत मुलांना वाचून दाखवतो. इथल्या मुलांना श्यामचे दोष मुळीच खटकत नाहीत. त्यांना आई खटकते. मोळीच्या गोष्टीला तर दरवर्षी हात वर होतात. म्हातारीला मोळी उचलता येत नाही, ती तथाकथित खालच्या जातीची असल्यामुळे कोणी हात लावत नाही, आई श्यामला सांगते की जा आणि मोळी उचलून दे. इथपर्यंत मुले ऐकतात. मग आई त्याला घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. एका अकरा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "देवाला सगळे आवडतात, मग आंघोळ कशाला?"

मी तो भाग गाळू शकलो असतो. मागच्या पिढीतल्या एका सोबत्याने तसे सुचवलेही होते. पण गाळला तर मुलांना खोटी आई मिळेल असे वाटून मी वाचला.

वाटसरू :

@दूरदेशी, न गाळल्याबद्दल आपले मनापासून आभार. आमच्या आजोबांच्या गावात मोळी उचलून न देणाऱ्यांच्या बाजूला कोण होते आणि मोळीच्या खाली कोणाची मान होती, हे आमच्या घरात वेगळे शिकवावे लागले नाही. ही गोष्ट मी शाळेत वाचली तेव्हा वर्गातली बाकीची मुले श्यामच्या दयाळूपणावर निबंध लिहीत होती आणि मला त्या म्हातारीचे नावसुद्धा पुस्तकात नाही याचे दुःख होत होते.

तरीही या गोष्टीविषयी माझ्या मनात कडवटपणा राहिला नाही, याचे एक कारण आहे. साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून उपोषण केले आणि दहा दिवसांनी ते मंदिर खुले झाले. ज्या मुलाला लोक काय म्हणतील या विचाराने मोळीला हात लावायचे भय वाटले होते, त्याला त्या वेळी लोकांनी काय काय म्हटले असेल! आंघोळीचा तो भाग पुस्तकात तसाच राहिला आहे, लेखकाने तो झाकला नाही. माझ्या दृष्टीने श्यामची आणि त्याच्या आईचीही ती सर्वांत मोठी उणीव होती, पाण्याची भीती तिच्यापुढे काहीच नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी एका माणसाने पुढे स्वतःचा देह पणाला लावला.

काजवा :

@वाटसरू, हा प्रतिसाद मी घरात सर्वांना वाचून दाखवला.

शिरीषाचे झाड :

एका दोषाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, आणि तो श्यामला सर्वांत जास्त ऐकवला गेला आहे : रडणे. रडका श्याम, हे विशेषण मी वसतिगृहात असताना तीन वर्षे अंगावर वागवले. वडील मला सोडून परत निघाले तेव्हा मी एस. टी. स्टँडवर रडलो होतो, तेवढ्यावरून ते नाव पडले. ज्या पुस्तकाने मला घरी धीर दिला होता त्याचेच नाव तिथे शिवी म्हणून वापरले जात होते, याचे मला तेव्हा फार नवल वाटे.

आज मला असे वाटते की मराठी मुलग्यांना रडण्याची परवानगी देणारे हे एकच पुस्तक आमच्या हाती आले होते आणि आम्ही ती परवानगी नाकारली. श्याम रडतो तेव्हा त्याच्यात काही तरी बदलते. चोरीची कबुली तो रडत देतो, आणि रडल्याशिवाय ती देता आली असती असे वाटत नाही. @ओसरी, आपला मुलगा दांडा धरून उभा असताना रडला तर कृपा करून त्याला रडू द्या.

पाटीपेन्सिल :

@शिरीषाचे झाड, मराठी शाळांतून हे विशेषण आम्ही शिक्षकांनीही कधी कधी हसत वापरले आहे. ते चुकलेच.

शाईचा डाग :

चोरीचा विषय मीच सुरू केला होता, म्हणून पुन्हा लिहितो. काल रात्री पुस्तक परत काढले आणि गोष्टींचा क्रम पाहिला. श्याम दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसात, नदीला पाणी आलेले असताना, गणेशचतुर्थीला घरी येतो, ती गोष्ट आपण सर्वांनी बंधुप्रेमाचा आदर्श म्हणून वाचली आहे. तो कोट पाहिल्यावर आई त्याला विचारते की पैसे कुठून आणलेस. हा प्रश्न वाचताना चोरी आठवल्यावाचून राहत नाही. पण पुस्तकात कोटाची रात्र आधी येते आणि चोरीची त्यानंतर. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत गुणी भाऊ म्हणून आपण ठसलो आहोत हे माहीत असताना, श्याम काही रात्रींनी आपणहून चोरीची गोष्ट काढतो. हा क्रम योगायोगाने आला असेल असे मला वाटत नाही. आपल्या अंगावर चढलेली शाबासकीची झूल तो स्वतःच उतरवून ठेवतो.

दापोलीची वाट :

@शाईचा डाग, कोटाच्या गोष्टीतला तो पाऊस आणि ती नदी आम्ही रोज पाहिली आहे. पुराच्या पाण्यातून पलीकडे जाणाऱ्या मुलाला पोहता येत होते, एवढे मात्र माळ्यावरच्या श्यामच्या खाती जमा धरा. @उंबरठा, शिंपटीचे समर्थन करत नाही.

उंबरठा :

@दापोलीची वाट, विहिरीवर जाणे आवश्यक होते, हे मी कधीच नाकारले नव्हते. नदीचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो पटला.

जुनी वही :

मला शेवटच्या रात्रींविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आईच्या शेवटच्या आजारात श्याम तिच्याजवळ नाही. तो दूर शिकायला गेलेला आहे, आणि घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. इतक्या रात्री ज्या आईची एकेक आठवण त्याने ऐकवली, तिच्या शेवटच्या क्षणी आपण नव्हतो, हे त्याला सांगावे लागते. त्यात त्याचा दोष काहीच नाही, तो तिच्याच इच्छेने शिकत होता. पण ते वाचताना मला कळते की आधीच्या सगळ्या लहान लहान अपराधांची कबुली कशासाठी चालली होती. जो अपराध त्याने केलेला नाही त्याचेच ओझे सर्वांत जड आहे.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर काढलेला चित्रपट पाहून माझी आई घरी आली तेव्हा ती कोणाशी न बोलता थेट माजघरात गेली आणि आजीच्या शेजारी बसली, असे मावशी सांगत असे. तिच्या मनात तेव्हा काय होते हे तिने कधी सांगितले नाही. मी समजू शकते.

ओसरी :

पंधरा दिवस मी काही लिहिले नाही, पण प्रत्येक प्रतिसाद वाचत होते आणि काही मुलालाही वाचून दाखवले. @शिरीषाचे झाड यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला. @दापोलीची वाट यांच्या आजीची ओव्याची डबी त्याला फार आवडली, आणि आता पोहायला निघताना तो मला गंभीरपणे सांगतो की आज पोट दुखत नाही.

@पाटीपेन्सिल, आपला न विचारलेला प्रश्न मी त्याला विचारला. माळ्यावर श्यामला काय वाटत होते? त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतले, ते पान उघडून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "त्याला खालचे सगळे आवाज ऐकू येत होते. मुलं हाका मारतायत, आई विचारतेय. आणि त्याला वाटत होतं की आता मी स्वतःहून खाली गेलो तरी सगळ्यांना कळणारच की मी लपलो होतो. म्हणून तो खाली येत नव्हता. पाण्यामुळे नाही."

त्याला दांडा सोड असे मी त्यानंतर म्हटलेले नाही. कालच्या शिकवणीत तो दांडा एका हाताने धरून उभा होता.

आज रात्री चोरीची गोष्ट आहे. ती वाचायची की पुढे जायचे, असे मी त्याला विचारले होते. तो म्हणाला की आधी त्याला मला काहीतरी सांगायचे आहे, आणि मग वाचायची.